आवाजाची निवृत्ती



एखादा नामांकित खेळाडू निवृत्त झाला म्हणजे त्याच्यामागे आकडे उरतात. त्याचे डाव, त्याच्या धावा, त्याने घेतलेले बळी हे सारे धावफलकावरून पुस्तकात जाते आणि पन्नास वर्षांनी जन्मास येणाऱ्या मुलालाही त्यावरून त्याच्या कर्तृत्वाची कल्पना करता येते. समालोचकाचे तसे नाही. सामन्याच्या पाच दिवसांत त्याने उच्चारलेले शब्द उमटतात आणि विरूनही जातात. तेव्हा समालोचकाच्या निवृत्तीचा इतिहास सांगावयाचा, तर तो ऐकणाऱ्यांच्या बाजूनेच सांगावा लागतो. आज मी तो सातपुड्याच्या आश्रयाने वसलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांच्या बाजूने सांगणार आहे.

ही दोन गावे निवडण्यास कारण आहे. कापसाचा आणि संत्र्यांचा हा मुलूख. एक गाव इटारसीहून नागपुरास जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गावर, दुसरे छिंदवाड्याहून नागपुरास येणाऱ्या वाटेवर. दोहोंचे तोंड नागपूरकडे आणि घरातील बोली मराठी. चुरशीचे वेड येथे कोणाला शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावरील झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जी गोटमार होते, ती पाहण्यास दोन्ही तीरांवर माणसांची दाटी होते. त्या जीवघेण्या प्रथेचे समर्थन मला करावयाचे नाही. ईर्ष्या म्हणजे काय हे या मातीला ठाऊक आहे, एवढेच सुचवावयाचे आहे. क्रिकेटचा मोठा सामना मात्र या गावांच्या वाट्यास आला नाही. तो येथील माणसांनी कानांनीच पाहिला.

आरंभ नागपूरपासूनच करू. कर्नल सी. के. नायडू हे नागपूरचे. १८९५ साली त्यांचा जन्म तेथेच झाला आणि हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व १९३२ साली त्यांनीच केले. १९२६ च्या डिसेंबरात मुंबई जिमखान्याच्या मैदानावर एम. सी. सी.च्या संघाविरुद्ध त्यांनी ११ षटकार ठोकून १५३ धावा काढल्या, त्या खेळाची आठवण आजही निघते. पण मैदानाबाहेर असलेल्या कोणाच्याही कानी तो खेळ पडला नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्रच मुळी २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. नागपूरच्या माणसाचा तो पराक्रम नागपुरास दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातूनच कळावयाचा.

त्याच १९२७ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये बी. बी. सी.ने रग्बीच्या एका सामन्याचे धावते वर्णन प्रथम प्रक्षेपित केले. समालोचक होते टेडी वेकलॅम. या कामाचा धडा घालून देणारा तेव्हा कोणीच नव्हता. म्हणून त्यांच्याजवळ एका अंध गृहस्थास बसविण्यात आले आणि त्याला सामना समजेल अशा रीतीने वेकलॅम बोलत गेले. जो पाहू शकत नाही तोच समालोचकाचा खरा श्रोता, हे त्या एका योजनेने ठरून गेले. पांढुर्ण्यातील एखाद्या ओसरीवर रेडिओभोवती बसलेली मंडळी त्या अंध गृहस्थाचीच भावंडे म्हणावयाची.

आपल्या देशात हा मान मुंबईच्या अर्देशिर फर्दोरजी सोराबजी तल्यारखान यांच्याकडे जातो. लोक त्यांना बॉबी म्हणत. १९३४ साली चौरंगी सामन्यांत पारशी आणि मुसलमान हे संघ समोरासमोर आले, तेव्हा त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला. भरदार आवाज, आठवणींचा आणि किश्शांचा न आटणारा साठा, आणि एका माणसात असू नये एवढा दम! उपाहाराची आणि चहाची सुट्टी सोडली, तर ते दिवसभर एकटेच बोलत. जोडीदार नाही, आकडे सांगणारा तज्ज्ञ नाही, घसा ओला करण्यापुरती उसंत नाही. मुंबईच्या मैदानावर जे घडे, ते बॉबी सांगतील तसेच घडले, अशी ऐकणाऱ्यांची भावना होऊन बसली.

आता १९४८ हे वर्ष पाहा. या वर्षी दोन घटना घडल्या. १६ जुलै रोजी नागपूरचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या टापूस आपले म्हणता येईल असे केंद्र मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात कसोटी सामने खेळावयास आला. या मालिकेसाठी एकाऐवजी तीन समालोचक ठेवावयाचे, असे नभोवाणीने ठरविले. तल्यारखान यांना ते मान्य झाले नाही. ध्वनिक्षेपक वाटून घेण्यापेक्षा तो सोडून देणे त्यांनी पत्करले. म्हणजे आमच्या मुलखात नभोवाणी आली आणि तिचा सर्वांत लाडका समालोचक त्याच सुमारास उठून गेला.

त्यानंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्या मालिकेतील शेवटचा सामना १९४९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर झाला. भारतास विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी १२२ धावा केल्या. वेळ संपली तेव्हा आठ गडी बाद झाले होते, धावा ३५५ झाल्या होत्या आणि केवळ सहा कमी पडल्या. बॉबींनी ज्या शहरात हा धंदा जन्मास घातला, त्याच शहरात, त्यांच्यावाचून, असा दिवस उगवला आणि मावळला. पुढे प्रसंगोपात्त ते ध्वनिक्षेपकावर आले, वर्तमानपत्रांतून दीर्घकाळ लिहीत राहिले, १९९० साली वारले. परंतु एकट्याने दिवस तोलून धरण्याचे युग १९४८ सालीच संपले होते.

त्यांचे चुकले काय? कलावंत म्हणून त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. कीर्तनकारास मध्येच थांबवून दुसऱ्यास पुढे उभे केले, तर आख्यानाचा धागा तुटतोच. परंतु सौंसरच्या बाजूने पाहिले म्हणजे निराळे दिसू लागते. बॉबींची भाषा इंग्रजी होती. ती न जाणणाऱ्यास आवाजाचा चढउतार, खेळाडूंची नावे आणि प्रेक्षकांचा गलका एवढेच उमगे. बाकीचे शेजारी बसलेल्या एखाद्या शिकलेल्या माणसाने समजावून द्यावयाचे. ध्वनिक्षेपक एकाच्या हातून तिघांच्या हाती गेला, तेव्हा तेही तिघे इंग्रजीच बोलत होते, हे खरे. पण एकदा ती जागा वाटून घेण्याची झाली, तेव्हा पुढे तीत हिंदी येऊ शकली, मराठी येऊ शकली. एकट्याच्या राज्यात हे होणे कठीण होते.

मराठीत हे काम घरोघर पोचविणाऱ्यांत पुण्याचे बाळ ज. पंडित यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले. पुढे आकाशवाणीवरून त्यांनी वर्षानुवर्षे मराठीत समालोचन केले आणि क्रिकेटवर मराठीत पुस्तकेही लिहिली. वर्तमानपत्रांनी आणि अशा समालोचकांनी मिळून मराठीत जी परिभाषा रुळविली, ती जरा न्याहाळून पाहा. पायचीत, धावचीत, यष्टिचीत या शब्दांतील ‘चीत’ कोठून आला? तो आखाड्यातून आला. पाठ मातीला लागली की मल्ल चीत. तीन यष्ट्या उडाल्या की त्रिफळा उडाला, म्हणजे वैद्याच्या बटव्यातील शब्द मैदानावर आला. ज्या शेतकऱ्याने मैदान पाहिले नव्हते, पण नागपंचमीची कुस्ती पाहिली होती, त्याला फलंदाज पायचीत झाला म्हणताच पराभवाची जात कळत असे. इंग्रजी समालोचन त्याच्या कानापर्यंत आले होते. मराठी समालोचन त्याच्या मनात शिरले.

आणि या गावांना त्याची गरज इतरांहून अधिक होती. जुन्या मध्यप्रांतात पांढुर्णा हे सौंसर तहसिलीत मोडे आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भाचे इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले; छिंदवाडा जिल्ह्याबरोबर ही मराठी गावे मध्य प्रदेशात राहिली आणि राजधानी भोपाळला गेली. कचेरीची भाषा हिंदी झाली. नागपूरचा आवाज मात्र येतच राहिला, कारण ध्वनिलहरींना सीमेवर नाका नसतो. हिंदीशीही येथे कोणाचे वैर नव्हते. इंदूरचे सुशील दोशी यांचे हिंदी समालोचन याच राज्याचे भूषण. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली आणि इंदूरच्या होळकर स्टेडियममधील समालोचन कक्षास त्यांचे नाव आहे. दोन भाषांत सामना ऐकण्याची सोय ज्यांना होती, अशांपैकी ही गावे. पण आपल्या घरच्या बोलीत कोणी तरी मोठ्या जगाची वार्ता सांगतो आहे, याचे समाधान पंडितांसारख्यांच्या आवाजानेच दिले.

इंग्लंडमध्ये जॉन आर्लट यांनी १९४६ साली भारतीय संघाच्या दौऱ्यापासून समालोचनास आरंभ केला. १९८० साली लॉर्ड्सवरील शताब्दी कसोटीत त्यांची शेवटची पाळी संपली, तेव्हा त्यांनी कोणतेही निरोपाचे भाषण केले नाही. नेहमीप्रमाणे पुढील समालोचकाचे नाव सांगितले आणि ते थांबले. मैदानावर ती वार्ता जाहीर होताच प्रेक्षक उठून उभे राहिले, खेळाडूंनीही टाळ्या वाजविल्या. ज्याने ध्वनिक्षेपक शेजाऱ्याच्या हाती दिला, त्याला असा निरोप मिळाला.

आमच्याकडील समालोचकांच्या वाट्यास असे सोहळे क्वचितच आले. बाळ पंडित २०१५ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, पुण्यात वारले. त्यापूर्वी कितीतरी वर्षे दूरचित्रवाणीने घराघरांतील रेडिओ फळीवर ठेवावयास लावला होता. मराठी समालोचन कोणत्या दिवशी आपल्या ऐकण्यातून गेले, हे पांढुर्ण्यातील वृद्धासही सांगता यावयाचे नाही. आवाजाची निवृत्ती अशीच होते.

२०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याचा इतिहास लिहिणारा रस्ते, कचेऱ्या आणि पिके यांची नोंद करीलच. त्याने एक पान या आवाजांसाठीही राखावे. ज्यांनी रेडिओला कान लावून सामने ऐकले, ती माणसे अजून आपल्यात आहेत. सामना कोणता होता हे त्यांना विचारण्यापूर्वी, तो कोणी सांगितला, हे विचारावे. आकडे पुस्तकात सापडतील. त्या आवाजाची आठवण तेवढी त्यांच्यापाशीच आहे.