थेम्सखालचा बोगदा

बोगदा म्हटला कीं आम्हां मराठी माणसांस बोरघाटांतील काळा खडक आठवतो. सुरुंगानें वाट पाडली म्हणजे असा खडक बहुधा आपल्या बळावर उभा राहतो. नदीखालच्या मातीचा स्वभाव निराळा. तेथें खणणें सोपें. खणलेली पोकळी सांवरून धरणें अवघड. लंडन येथें थेम्सखालीं १८०७ सालीं ट्रेव्हिथिकनें चालविलेलें भुयार पाणी शिरल्यामुळें पुढच्याच वर्षीं सोडून द्यावें लागलें होतें.

तेथेंच १८२५ सालीं मार्क ब्रुनेलनें काम आरंभिलें. जहाजाचें लांकूड पोखरणारा किडा कवचाच्या आश्रयानें पुढें सरकतो व मागील भोंकास लेप देत जातो, यावरून त्यास ढालीची कल्पना सुचली असें सांगतात. ही ढाल म्हणजे बारा लोखंडी चौकटी. प्रत्येकींत तीन खण, खणांत एकेक मजूर. समोरची माती फळ्यांनीं दाबून धरलेली. मजुरानें एक फळी काढावी, साडेचार इंच माती कोरावी, फळी पुढें नेऊन घट्ट बसवावी आणि मगच दुसरीस हात लावावा. पाठोपाठ गवंडी विटांचें बांधकाम करीत. त्यालाच रेटा देऊन चौकटी पुढें ढकलीत.

सलग चिकणमाती लागेल असा जाणत्यांचा सल्ला होता. लागली वाळू, रेती आणि गाळ. मे १८२७ मध्यें नदी आंत शिरली. तळाच्या भगदाडांत मातीचीं पोतीं टाकून तें बुजविलें. जानेवारी १८२८ मध्यें ती पुन्हां शिरली आणि सहा माणसें बुडालीं. ब्रुनेलचा तरुण मुलगा इझंबार्ड थोडक्यांत वांचला. पैसा संपला व सात वर्षें काम बंद पडलें. अखेर १८४३ सालीं बोगदा खुला झाला. लोक पुराच्या कथा सांगतात. आम्हांस मात्र त्या साडेचार इंचांच्या शिस्तीचें नवल अधिक वाटतें.

१८६९ सालीं त्यांतून आगगाडी धांवूं लागली. त्याच वर्षीं ग्रेटहेडनें थेम्सखालीं दुसरा, लहान बोगदा गोल ढालीनें काढला. त्यास अस्तर बीडाच्या कड्यांचें. पण ढाल अस्तराहून किंचित् मोठी असल्यानें ती पुढें सरकतांच मागें बोटभर फट उरते. वरची माती त्या फटींत उतरते, जमीन खचते आणि वर वस्ती असली तर भिंतींस तडे जातात. म्हणून १८८६ सालीं सुरू झालेल्या दक्षिण लंडनच्या भुयारी रेल्वेच्या कामांत ग्रेटहेडनें दाबलेल्या हवेच्या जोरानें पातळ चुना त्या फटींत भरला. आजचीं अजस्र यंत्रेंही पुढें माती दाबून धरतात व मागची फट तत्काळ भरीत जातात.