मुख्याध्यापकांनाही न उघडणारं पाकीट

परवा नातवाने बसवून दिलेल्या लिनक्सवर फर्मवेअर (मदरबोर्डच्या चिपमधली मूळ आज्ञावली) अद्ययावत करायला गेलो, तर परवानगी नाकारली. नातू फोनवर म्हणाला, "आजोबा, एसईलिनक्स तात्पुरतं बंद करा, होऊन जाईल."

म्हटलं, थांब. पहारा का बसवला ते आधी पाहू. इतिहासाच्या मास्तराची खोड, दुसरं काय!

२६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच हा विषाणू जागा झाला. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने तो १९९८ साली लिहिला होता. त्याने हार्डडिस्कवरची माहिती उडवलीच, पण काही संगणकांची बायॉसची चिपही बिघडवली. ते संगणक पुन्हा सुरूच होईनात. विंडोज ९५-९८ मध्ये त्या चिपची वाट अडवणारं कोणी नव्हतं.

विचार मात्र जुना होता. १९७३ साली बेल आणि लापाड्युला यांनी अमेरिकन हवाई दलासाठी मांडलं, की गुप्त कागद कोणी वाचावा हे मालकाच्या मर्जीवर सोडू नये, नियमाने ठरवावं. हेच सक्तीचं नियंत्रण. युनिक्समध्ये 'रूट' सर्वाधिकारी असे. एनएसएने डिसेंबर २००० मध्ये एसईलिनक्स खुलं केलं, २००३ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात आलं, आणि रूटच्या नावाने चालणाऱ्या सेवेलाही कुंपण पडू शकलं. फर्मवेअर बदलणारी एफडब्ल्यूअपडी ही सेवा २०१५ची. ती रूट म्हणूनच चालते. उद्या कुणी तिच्यात शिरलाच, तर नियमात लिहिलेलं तेवढंच त्याला करता येईल. न लिहिलेलं सगळं निषिद्ध.

दहावीच्या परीक्षेला मी एकदा उपकेंद्रसंचालक होतो. मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजी, पाकीट आत्ताच उघडून प्रश्नपत्रिका मोजू या. कमी पडल्या तर?" हेतू चांगलाच होता. मी नाही म्हणालो. वर्षभर ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांच्यावर माझा अविश्वास नव्हता हो! पण माणूस बघून सैल होणारा नियम, नियम राहत नाही.

असो. नातवाने नोंदी तपासल्या. एका फाईलवरचं लेबल चुकलं होतं. ते दुरुस्त केलं आणि काम झालं. पहारा एक मिनिटही उठवावा लागला नाही.