रयतेपासून नागरिकापर्यंत : वऱ्हाडातील न घेतलेल्या शपथेचा इतिहास



परदेशात स्थायिक झालेल्या एखाद्या नातेवाइकाकडून आपण ऐकले असेल की, तेथील नागरिक होण्यासाठी मुलाखत द्यावी लागते. अमेरिकेत अर्जदार अधिकाऱ्यासमोर बसतो, इंग्रजी वाचून-लिहून दाखवितो, त्या देशाचा इतिहास व राज्यकारभार यांवरील प्रश्नांना उत्तरे देतो आणि उत्तीर्ण झाल्यावर सर्वांसमक्ष शपथ घेतो. त्यासाठी कित्येक दिवस पाठांतर चालते. आपल्यापैकी बहुतेकांनी अशी परीक्षा दिलेली नाही, शपथही घेतलेली नाही. मग बार्शीटाकळीचा माणूस नागरिक झाला तो केव्हा आणि कसा? या प्रश्नाचे उत्तर मोठे उद्बोधक आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आपला वऱ्हाड प्रांत मूळचा हैदराबादच्या निजामाचा. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपये खंडाच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आला. तरीही कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचेच होते. १९३६ च्या कराराने ते पुन्हा मान्य करण्यात आले व निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. म्हणजे सारा वसूल करणार इंग्रज आणि नावाचा धनी निजाम! अकोल्याच्या कचेरीत अर्ज घेऊन जाणारा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील शेतकरी, विणकर वा मौलवी हा या दोघांच्याही दृष्टीने ‘रयत’ होता. रयतेने हुकूम पाळावयाचा असतो. राज्य कोणाचे, हे तिला कोणी विचारीत नाही.

त्या काळच्या शपथा पाहिल्या म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात विधिमंडळाच्या सदस्यांसाठी शपथेचे निरनिराळे नमुने दिले होते. ब्रिटिश प्रजाजन असलेल्या सदस्याने इंग्लंडच्या बादशहाशी इमान राखण्याची शपथ घ्यावयाची. संस्थानी प्रजाजन असेल तर त्याने आपल्या राजाशी असलेली निष्ठा राखून, सदस्य या नात्याने बादशहाशी इमान राखण्याचे वचन द्यावयाचे. शपथ दोन्हींकडे एखाद्या व्यक्तीची आणि तिच्या वारसांची होती.

बाहेरच्या जगात तरी नागरिकत्व कशावर ठरत होते? अमेरिकेचा १७९० चा पहिला कायदा केवळ ‘मुक्त गोऱ्या’ माणसालाच नागरिक करून घेत असे. पुढे त्यात फेरफार झाले, पण १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हिंदुस्थानी माणूस त्या अर्थाने गोरा नव्हे, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. थिंद अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले होते. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते. निकालानंतर त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा खटाटोप झाला. पंडित स्वतःच्या बाजूने लढले व जिंकले. परंतु हिंदुस्थानी लोकांना तो दरवाजा १९४६ च्या कायद्यानेच उघडला. अभ्यास कितीही करा, परीक्षेला बसण्याची परवानगीच वंशावर अवलंबून होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

या घटनेला जेमतेम तीन वर्षे होतात तोच हाच प्रश्न आपल्या घटना समितीपुढे आला. ऑगस्ट १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी नागरिकत्वाची कलमे मांडली. भारतात अधिवास असलेला आणि येथे जन्मलेला, किंवा ज्याच्या आई-बापांपैकी एक येथे जन्मले तो, किंवा पाच वर्षे येथे राहिलेला माणूस नागरिक, असा त्यांचा सरळ आशय होता. या मसुद्यावर कडाडून टीका करणारे सदस्य आपल्याच वऱ्हाडचे होते. ते म्हणजे अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख. या मसुद्याने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. अन्य देशाचा नागरिक नसलेला कोणीही हिंदू वा शीख, तो कोठेही राहत असो, भारताच्या नागरिकत्वास पात्र समजावा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली.

पंजाबरावांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापून वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत शिक्षण नेले. त्यांचे हे ऋण कोणीही नाकारणार नाही. फाळणीच्या जखमा त्या वेळी ओल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. तथापि समितीने त्यांची दुरुस्ती स्वीकारली नाही. वंश वा धर्म यांवरून माणसामाणसांत फरक करता येणार नाही, असे अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी बजावले. पंडित नेहरूंनीही १२ ऑगस्ट रोजी मसुद्याची बाजू मांडली. त्याच समितीत मध्य प्रांत व वऱ्हाडचे मुस्लिम प्रतिनिधी म्हणून काझी सय्यद करीमुद्दीन बसत होते. नागरिकाच्या घराची व कागदपत्रांची मनमानी झडती घेतली जाऊ नये, यासाठी त्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये दुरुस्ती मांडली होती.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले आणि नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमे त्याच दिवशी अंमलात आली. बाकीचे बहुतेक संविधान २६ जानेवारी १९५० पासून लागू झाले. प्रजासत्ताकाच्या घोषणेपूर्वीच नागरिकत्वाचा पाया घातला गेला, तो असा. मुलाखत नाही, दाखला नाही, शपथ नाही. निजामाची व इंग्रजांची रयत ही एका कलमाने नागरिक झाली.

यातून वगळले गेले तेही सांगितले पाहिजे. १ मार्च १९४७ नंतर जे पाकिस्तानात निघून गेले ते सातव्या कलमाने नागरिक राहिले नाहीत. कायम वास्तव्याचा परवाना घेऊन परतलेल्यांना मात्र अपवाद होता. कोणी नोकरीसाठी, कोणी भीतीपोटी, कोणी भावाच्या मागे गेले आणि देशभर अनेक कुटुंबांत एक भाऊ नागरिक व दुसरा परदेशी, असा प्रसंग आला. तारीख व परवाना यांना केवढे मोल असते, हे त्या पिढीने फार महाग शिकून घेतले.

आता बाहेरून येणाऱ्याची परीक्षा पाहू. १९५५ चा नागरिकत्व कायदा व त्याची तिसरी अनुसूची यांनुसार अर्जदाराचे चारित्र्य चांगले हवे. त्याने पूर्वीचे नागरिकत्व सोडण्यास तयार असले पाहिजे. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे त्याने येथे घालविलेली असावीत. आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान त्याला असावे. ती भाषा मराठी असो वा उर्दू, दोन्ही त्या यादीत पहिल्यापासून आहेत. मग तो शपथ घेतो : कायद्याने प्रस्थापित झालेल्या भारताच्या संविधानाशी मी खरी निष्ठा बाळगीन, भारताचे कायदे प्रामाणिकपणे पाळीन आणि नागरिक म्हणून माझी कर्तव्ये पार पाडीन, अशा अर्थाची. जुन्या शपथांशी ही ताडून पाहा. हीत राजा नाही, वारस नाही, वंश नाही, धर्मही नाही.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने मात्र धर्माचा उल्लेख कायद्यात आला. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांसाठी अकरा वर्षांची अट पाच वर्षांवर आली. नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. तेथील छळ झालेल्या अल्पसंख्याकांना आसरा देण्यासाठी हे केले, असे शासनाचे म्हणणे. १९४९ मध्ये नाकारलेली कसोटी मागील दाराने आत आली, असे टीकाकारांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयातही आव्हान दिले गेले. आपले मत काहीही असो, ते १९४९ ची चर्चा वाचून बनवावे, ऐकीव गोष्टींवर बनवू नये, एवढीच आमची विनंती. शपथ मात्र सर्वांना तीच आहे.

शेवटी एक घरगुती सूचना. १९५० ते ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मणे हेच सामान्यतः पुरेसे होते. १ जुलै १९८७ पासून आई-बापांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक व दुसरा बेकायदा प्रवेश केलेला नसावा, अशी अट आली. म्हणजे आता मुलाच्या हक्कासाठी आई-बापांचे कागद लागतात. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे खुद्द आधार कायदाच सांगतो. बुजुर्गांच्या जन्माची नोंद असल्यास कोतवाल बुकाची नक्कल काढून ठेवावी. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधील नाव व तारीख तपासावी. समजा, शाळेत ‘शेख रहीम शेख करीम’, रेशनकार्डावर ‘रहीम शेख’ आणि मतदार यादीत ‘अ. रहीम’ असे लागले, तर एकाच माणसाचे तीन होतात. लग्नानंतर मुलींच्या नावांचा घोळ तर याहून मोठा. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. हे काम भीतीचे नाही, शिस्तीचे आहे. घरात एक शिकलेली मुलगी असली तर ती सर्वांचे कागद जुळवून देते, हा शिक्षणाचा रोकडा लाभ होय.

परंतु कागद म्हणजे सर्व काही नव्हे. परदेशातला अर्जदार पाठांतर करून जे शिकतो, ते आपल्या मुलांना शाळेतील नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मिळते आणि गुण मिळाले की ती विसरून जातात. आपण ती शपथ घेतली नाही याचे कारण आपल्याला ती माफ होती असे नाही. कायद्याने आपल्यावर विश्वास टाकला, हे आहे. तेव्हा येत्या २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, आपल्या मुलामुलींना जवळ बसवावे, मराठीतून वा उर्दूतून त्या शपथेचा अर्थ सांगावा आणि मग शांतपणे विचारावे, ‘बेटा, ही परीक्षा आज द्यावी लागली असती, तर आपण उत्तीर्ण झालो असतो का?’