मलिक अंबर : तिसरा कॅमेरा

भडकल दरवाजावरचा व्हिडिओ एडिट करत होतो. तीन कॅमेऱ्यांचं शूटिंग टाळीच्या आवाजावर जुळवलं. आता कुठल्या क्षणी कुठला अँगल ठेवायचा, हे माझ्या हातात. इतिहासही असाच कापला जातो.

१६१० मध्ये खडकी, म्हणजे आपलं हे शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरचंच बघा. अबुल हसनच्या चित्रात जहांगीर त्याच्या छाटलेल्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात अंबर बादशहाच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये त्याला नैसर्गिक मरण आलं. जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमद खानाने मात्र त्याचं युद्धकौशल्य वाखाणलं.

हे दोन्ही अँगल मुघलांचे. तिसरा कॅमेरा अंबरचा स्वतःचा : त्याची नहर आणि हा दरवाजा. तो ट्रॅक आपणच बंद ठेवलाय.