पेन्शनचा संप आणि निवेदनात नसलेली माणसं



मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तालुक्या-तालुक्यात घुमली. आमच्यातले अनेकजण त्या मोर्चांत होते. कुणी शिक्षक, कुणी ग्रामसेवक, कुणी आरोग्यसेविका. बापाने हमाली करून शिकवलं, आरक्षणातून नोकरी लागली, आणि नोकरी लागली तेव्हा कळलं की पेन्शन संपलेली आहे. ३१ ऑक्टोबर २००५ चा एक शासन निर्णय, आणि १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्याला जुनी पेन्शन नाही. पगारातून दहा टक्के कापायचे, सरकार त्यात आपला वाटा घालणार आणि म्हातारपण बाजाराच्या हवाली. आपल्या समाजाची पहिली पिढी जेव्हा कुठे कार्यालयाच्या खुर्चीपर्यंत पोहोचत होती, तेव्हाच त्या खुर्चीचा एक पाय काढून घेतला गेला. हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

पण आज आम्हाला त्या संपाची स्तुती करायची नाही. त्याचा इतिहास तपासायचा आहे, कारण पुढचं अधिवेशन येईल, पुन्हा मोर्चा निघेल आणि पुन्हा आपल्याच पोरांना झेंडे धरायला बोलावलं जाईल.

आधी हे बघू की कर्मचारी संघटनांनी सरकारला कसं घेरलं. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री फडणवीस सभागृहात म्हणाले की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. पुढच्याच महिन्यात विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर जागांसाठी मतदान झालं. नागपूर शिक्षक आणि अमरावती पदवीधर या दोन्ही जागा भाजपच्या हातून गेल्या. निकालांमागे इतर कारणं असतीलच, पण पेन्शनचा मुद्दा मतपेटीपर्यंत गेला हे सगळ्यांनी मान्य केलं. त्यानंतर सत्ताधाऱ्यांची भाषा मवाळ झाली. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल यांनी जुनी पेन्शन परत आणण्याची भूमिका घेतली होती, तो दाखला निवेदनानिवेदनातून मंत्र्यांच्या टेबलावर गेला. माजी आमदाराला महिना किमान ५० हजार पेन्शन मिळते, मग तिजोरी फक्त आमच्यासाठीच रिकामी कशी, हा प्रश्न चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला.

२७ फेब्रुवारीला अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं आणि १४ मार्चला संप. वेळ अचूक निवडली होती. पण सरकारनेही त्याच दिवशी उत्तर दिलं. विधानसभेत मेस्माचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. चर्चेविना! लाखो माणसांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणारा कायदा, आणि त्यावर बोलायला कुणाला उठावंसं वाटलं नाही.

इथे आम्हाला १९३८ आठवतं. त्या वर्षी मुंबई विधिमंडळात काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. संपापूर्वी समेटाची सक्तीची प्रक्रिया घालून संपाला बेकायदा ठरवायची सोय त्यात होती. बाबासाहेब सभागृहात उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद वकिली होता आणि तितकाच माणुसकीचा. काम सोडणं हा फार तर करारभंग, तो गुन्हा होऊच शकत नाही. आणि माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध काम करायला भाग पाडणं म्हणजे त्याला गुलाम करणं. ते भाषण देऊन थांबले नाहीत. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. ज्या डांगेंशी त्यांचं फारसं जमत नव्हतं, त्यांच्याबरोबरही ते व्यासपीठावर बसले. विधेयक तरीही मंजूर झालं. पण इतिहासात नोंद राहिली की त्या सभागृहात कुणीतरी उठलं होतं. २०२३ मध्ये, ज्या विधानसभेत राखीव जागांवरून निवडून आलेले आपले आमदार बसतात, तिथे ती नोंद नाही.

त्याच १९३८ सालची दुसरी गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचं म्हणणं आपण पोस्टरवर छापतो. पण त्या भाषणात रेल्वेचा पंचनामाही होता. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला हमाल म्हणूनही घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामं करून घेतो आणि अस्पृश्याला घरात घेता येत नाही. कामगारांमधल्या या भेदावर कामगार पुढारी गप्प का, हा त्यांचा सवाल होता.

हाच सवाल २०२३ च्या संपाला लावून बघा. मागणी होती कायम कर्मचाऱ्यांची. नगरपालिकेचा कचरा उचलणारा, गटारात उतरणारा, दवाखान्याच्या फरशा पुसणारा ठेक्यावर आहे. त्याला जुनी नाही, नवी नाही, कुठलीच पेन्शन नाही. कित्येकदा पीएफही ठेकेदाराच्या खिशात राहतो. त्याची जात कोणती हे आम्ही सांगायची गरज नाही. विधान परिषदेत शिक्षकांसाठी सात आणि पदवीधरांसाठी सात जागा आहेत. झाडू मारणाऱ्याचा मतदारसंघ कुठे आहे? म्हणून त्याचा मुद्दा कुणाच्या मतपेटीत पडत नाही.

आम्ही त्या आठवड्यात एका तालुक्यातल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना भेटलो होतो. निवेदनात ठेक्यावरच्या सफाई कामगारांची एक ओळ घाला, एवढीच विनंती. ते नीट बोलले, चहा पाजला, म्हणाले, "सर, तुमचा विषय रास्त आहे, पण वेगळा आहे. आत्ता फाटे नकोत." त्यांच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्यांचा आम्हाला राग नाही. त्यांच्याही वडिलांनी कुणाच्या तरी बांधावर घाम गाळलेला होता.

२० मार्चला मुख्यमंत्र्यांशी चर्चा झाली, लेखी आश्वासन मिळालं, संप मागे घेतला. अधिवेशनाचे पाच दिवस शिल्लक होते. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती तीन महिन्यांत अहवाल देणार होती. ज्यांची स्वतःची जुनी पेन्शन सुरू आहे, ते इतरांच्या पेन्शनचा हिशेब मांडणार, हे आमच्या लक्षात त्याच दिवशी आलं होतं. अवकाळीचे पंचनामे रखडले, रुग्णांचे हाल झाले, म्हणून लोकमत फिरत होतं हे खरं. पण अधिवेशन चालू असतानाच सरकार ऐकतं हेही तितकंच खरं. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संपाची हाक, पुन्हा आश्वासन.

दरम्यान ६ सप्टेंबर २०२३ ला शासन निर्णय निघाला: नऊ खासगी कंपन्यांमार्फत सरकारी कामांवर बाह्यस्रोतातून माणसं घ्यायची. अशा भरतीत आरक्षण कुठे उरतं? राज्यभर पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. कायम कर्मचारी आणि ठेक्याचा माणूस यांचा प्रश्न 'वेगळा' नाही, हे सरकारनेच त्या कागदावर लिहून दिलं होतं. उद्या कायम जागाच उरल्या नाहीत, तर पेन्शन मागणार कोण?

२५ ऑगस्ट २०२४ ला, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली. पंचवीस वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं. जुनी पेन्शन ती नव्हेच, पण वीस वर्षं नुसतं 'शक्य नाही' ऐकलेल्यांनी सरकारला तिथवर ओढत आणलं. आमच्या वस्तीतल्या ज्या मावशी सोळा वर्षं ठेक्यावर रस्ता झाडतात, त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला विचारलं, "यात आमचं काही आहे का रे?"