अंधेरीच्या मैदानावरील रिकाम्या जागा



सन २०१८ च्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस मुंबईत अंधेरी येथील क्रीडांगणावर चार राष्ट्रांच्या फुटबॉल स्पर्धेस आरंभ झाला. यजमान भारत, पाहुणे केनिया, न्यूझीलंड आणि चायनीज तैपेई. पहिल्याच सामन्यात भारताने तैपेईवर पाच गोल केले व स्वतःवर एकही होऊ दिला नाही. पैकी तीन गोल कप्तान सुनील छेत्री यांचे. हा पराक्रम पाहण्यास माणसे आली होती अवघी २,५६९. ज्या शहराची वस्ती कोटीच्या पुढे गेली आहे, त्या शहरी राष्ट्राचा संघ खेळतो आणि एखाद्या गावच्या जत्रेइतकेही लोक जमत नाहीत, हे कसे घडावे?

मुंबईस या खेळाची ओळख नव्हती, असे म्हणता येणार नाही. रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली. पहिली कित्येक वर्षे तो चषक गोऱ्या पलटणींकडेच जात असे. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा कोठे तो प्रथम हिंदी खेळाडूंच्या हाती आला. तत्पूर्वी, २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड पटकावली होती. अकरांपैकी दहा गडी अनवाणी खेळले! त्या काळी प्रेक्षकांस आमंत्रणाची गरज नव्हती. समोर राज्यकर्ताच उभा होता. त्याच्या जाळ्यात चेंडू गेला की अभिमान आपोआप उसळत असे.

स्वातंत्र्यानंतर तो प्रतिस्पर्धी राहिला नाही. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत आपण इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले, तोवर जुना उत्साह टिकून होता. पुढे मात्र खेळ मागे पडत गेला. रोव्हर्स चषकाची स्पर्धादेखील २००१ च्या सुमारास बंद पडली. दूरचित्रवाणीने युरोपातील मोठमोठे संघ घरात आणून बसविले, आणि आमचे तरुण रात्र रात्र जागून बार्सिलोना व मँचेस्टर यांची चिंता वाहू लागले. चांगला खेळ पाहण्याची हौस वाईट असे मी म्हणणार नाही. पण रोहे-अष्टमीस कुंडलिकेच्या काठी आम्ही मंडळी कबड्डीचे सामने पाहत वाढलो. तेथे आपल्या गावचा संघ दुबळा आहे म्हणून कोणी घरी बसत नाही.

यावर कोणी २०१७ सालाचा दाखला देईल, आणि तो योग्यच आहे. त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलांची विश्वस्पर्धा भारतात झाली. नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडांगण व गोव्यातील मडगावचे फातोर्डा क्रीडांगण ही तिच्या सहा केंद्रांपैकी दोन. महाराष्ट्र सरकारने १५ सप्टेंबर रोजी राज्यभर मुलांच्या हाती चेंडू दिले. यजमान संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ज्या नगरीत तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ चालतात, तेथील मुलगा विश्वस्पर्धेत उतरावा हे उचितच झाले. भारत तिन्ही सामने हरला. दिल्लीस कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंग याने डोक्याने चेंडू मारून बरोबरी साधली. फिफाच्या विश्वस्पर्धेतील तो भारताचा पहिला गोल. परंतु मिनिटभरातच कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली. तरीही स्पर्धेस एकूण १३,४७,१३३ प्रेक्षक लाभले. मुलांच्या या स्पर्धेत तेवढे पूर्वी कोठेही जमले नव्हते.

मग अवघ्या आठ महिन्यांत ते लोक गेले कोठे? मला वाटते, २०१७ मध्ये पुष्कळांस सोहळ्याचा अभिमान होता, संघाचा नव्हे. मांडव दिपला की माणसे येतात. अंधेरीस मांडव नव्हता, नुसता खेळ होता. घरी पाहुणे यावेत आणि यजमानाने ओसरीवरही नसावे, तसा तो प्रकार झाला.

हे प्रथम बोलून दाखविले ते खुद्द कप्तानाने. २ जून रोजी छेत्री यांनी चित्रफितीद्वारे लोकांस विनविले. तुम्ही युरोपातील संघांचे चाहते आहात, आमचा खेळ त्या तोडीचा नाही हे मान्य. पण मैदानावर या, आम्हांस नावे ठेवा, ओरडा, शिव्या द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तीन गोल करून आलेल्या पुरुषाने हात जोडावेत, याचे कित्येकांस वाईट वाटले. मला त्यात कमीपणा दिसत नाही. यजमानाने आपल्याच घरच्यांस हाक मारली, इतकेच.

४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे हां हां म्हणता संपली. मृग निघायचा होता, पण पावसाने तेवढी वाट पाहिली नाही. मैदानात पाणी साचले, चेंडू जागच्या जागी रुतू लागला, पूर्वार्धात कोणासच गोल साधेना. आणि प्रेक्षक भिजत बसून राहिले. देशासाठी छेत्री यांचा तो शंभरावा सामना. उत्तरार्धात भारताने तीन गोल केले, त्यांतील दोन त्यांचे.

पुढे ७ तारखेस न्यूझीलंडने भारतास २-१ असे हरविले. १० जूनच्या अंतिम सामन्यात पुन्हा केनियाच समोर होता. भारताने तो २-० असा जिंकला व दोन्ही गोल कप्तानाचेच होते. त्यायोगे त्यांच्या गोलांची संख्या ६४ झाली. त्या दिवशी अर्जेंटिनाच्या मेस्सीचीही तेवढीच होती. रात्री जागून मेस्सीचे नाव जपणाऱ्या आमच्या तरुणांस ही वार्ता अंधेरीहून कळली.