लिमक्स

लिमक्स हा जर्मनीतील म्युनिक शहराच्या प्रशासनाने आपले संगणक मायक्रोसॉफ्ट विंडोजवरून लिनक्स या मुक्त संचालन प्रणालीवर नेण्यासाठी राबवलेला प्रकल्प होता. ‘लिनक्स’ आणि शहराचे जर्मन नाव ‘म्युन्शेन’ यांवरून हे नाव पडले.

विंडोज एनटी ४.० ला मिळणारे तांत्रिक साहाय्य संपत असल्याने २००३ मध्ये नगरपरिषदेने स्थलांतराचा निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणकांपैकी बहुतेक लिनक्सवर आले.

== अडचणी ==
प्रणाली बसवण्यापेक्षा दैनंदिन कामकाज तिच्याशी जुळवून घेणे अधिक कठीण ठरले. विविध विभागांनी वर्षानुवर्षे वापरलेले पत्रांचे नमुने व मॅक्रो मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर अवलंबून होते. त्यांना पर्याय म्हणून प्रशासनाने ‘वोलमक्स’ ही आज्ञावली विकसित केली आणि २००८ मध्ये ती मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली. काही कामांच्या आज्ञावल्या केवळ विंडोजवरच चालत असल्याने तेवढे संगणक विंडोजवर ठेवावे लागले. बाहेरील कार्यालयांशी देवाणघेवाण करताना दस्तऐवजांची मांडणी बिघडण्याच्या तक्रारीही होत्या.

== समाप्ती ==
२०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाच्या विरोधकांच्या मते अडचणींचे मूळ लिनक्समध्ये नसून प्रशासनातील विखुरलेल्या संगणक-व्यवस्थापनात होते.